अंगठा खिशात ठेवा

१९३३. टेक्सस विद्यापीठ, ऑस्टिन. तुमच्यासमोर चिलटाची अळी वळवळतेय. केळी पिकली की घरात घोंगावणारं तेच चिलट. सुईनं डोकं अलगद ओढलंत की मागोमाग लाळग्रंथींची काचेसारखी जोडी बाहेर येते. वर रंगाचा थेंब, त्यावर पातळ काच, काचेवर अंगठा. दाबा. शेजारी प्राणिशास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर हेच करताहेत. केंद्रकं फुटतात, गुणसूत्रं शेवयांसारखी पसरतात आणि त्यांच्यावरचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. अनुवंशशास्त्राला नकाशा मिळतो. पण ही गुणसूत्रं केंद्रकात मुळात बसली कशी होती? ते तुम्ही आत्ताच चिरडलंत.

आता पन्नास वर्षं पुढे या. १९८३, कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्को. डेव्हिड अगार्ड आणि जॉन सेडाट यांची प्रयोगशाळा. अंगठा खिशात ठेवा, इथं ग्रंथी अख्खीच ठेवायची आहे. अंधारात रंग लावलेला डीएनए चमकतोय. फोकसचं चाक केसभर फिरवा, चित्र टिपा. पुन्हा केसभर, पुन्हा चित्र. चित्रांची चळत जमते, पण प्रत्येक चित्र गढूळ! पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटावीत, तसा वरच्या-खालच्या थरांचा उजेड इथं झिरपलाय.

तुम्ही म्हणाल, पुसून टाका. नाही, तो कचरा नव्हे. तो उजेड खराच आहे, फक्त चुकीच्या थरात जाऊन बसलाय.

तो कसा भरकटतो हे पाहायला एकच चमकता कण भिंगाखाली ठेवा. फोकसमध्ये तो ठिपका असतो. वर किंवा खाली गेलात की त्याची वर्तुळं फाकत जातात. सगळे थर रचले की डमरू दिसतो. प्रत्येक बिंदूचा असाच डमरू होतो. मग संगणक खरी आकृती कशी असेल याचा अंदाज बांधतो, त्या अंदाजाला डमरूतून गढूळ करतो, टिपलेल्या चित्राशी ताडून पाहतो, फरकाएवढी दुरुस्ती करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अट एकच: उजेड शून्याखाली जाता कामा नये. मला या सगळ्यात हीच अट सर्वांत आवडते. किती साधी, आणि किती कामाची!

फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि पट्टे उमटू लागतात. न चिरडलेल्या केंद्रकात गुणसूत्रांच्या भुजा आपापल्या जागेत उजव्या वळणानं पिळत जाताना दिसतात. एका बाजूला सगळे सेंट्रोमिअर, म्हणजे भुजा जिथं जुळतात ते सांधे, समोरच्या बाजूला टोकं. पुढच्याच वर्षी सेडाट यांच्या गटानं ही ठेवण सविस्तर मांडली.

हे चित्र आता आडवं फिरवून पाहा. उभ्या दिशेनं सगळं अजून थोडं ताणलेलंच आहे. त्या बाजूचा उजेड भिंगात पुरता शिरलाच नव्हता.