जायपत्रीचा लाभांश

वलंदेज हे नाव मराठी मुलखाला परके नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या नामावळीत ते येते, आणि वेंगुर्ल्यास त्यांच्या वखारीचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात. ही वखार ज्या कंपनीची, ती मूळची मिरी, लवंग, जायफळ आणि जायपत्री विकणारी कंपनी. तिची तारवे आणि तिच्या तोफा यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तिच्या भागधारकांना आरंभीची कित्येक वर्षे लाभांशापोटी काहीही मिळाले नव्हते, ही गोष्ट त्या पराक्रमाच्या कथांत बहुधा झाकून जाते.

तत्पूर्वी हॉलंडमध्ये मसाल्याच्या व्यापारासाठी ज्या मंडळ्या निघत, त्या एकेका सफरीपुरत्या असत. जहाजे परत आली, माल विकला, हिशेब झाला, की ज्याचा त्याचा पैसा नफ्यासह ज्याच्या त्याच्या हाती पडे. २० मार्च १६०२ रोजी डच संसदेने या सर्व मंडळ्या एकत्र करून एकाच कंपनीला एकवीस वर्षांची सनद दिली. भांडवल सुमारे चौसष्ट लक्ष गिल्डर जमले. अ‍ॅमस्टरडॅम येथील नोंदवही दिर्क फान ऑस या संचालकाच्या राहत्या घरी ठेवलेली होती आणि तीत १,१४३ नावे पडली. शेवटच्या दिवशी, ऑगस्टच्या अखेरीस, त्याच घरात मोलाने राबणाऱ्या नेल्टगेन कॉर्नेलिस नामक दासीनेही आपले शंभर गिल्डर लिहविले. धनिकांच्या हजारोंच्या आकड्यांपुढे ही रक्कम क्षुद्र खरी; पण दासीच्या मिळकतीच्या मानाने ती लहान म्हणता येणार नाही.

सनदेत भागधारकांना दोन अभिवचने होती. परत आलेल्या मालाच्या किमतीपैकी शेकडा पाच इतकी रक्कम रोख जमा होताच वाटणी करावयाची, हे एक; आणि दहा वर्षांनी संपूर्ण हिशेब मांडून ज्याला हवे त्याला आपले भांडवल काढून घेऊ द्यावयाचे, हे दुसरे. जहाजे परत आली, मिरी विकली गेली, पण वाटणी काही झाली नाही. पैसा पुढच्या आरमारात, दारूगोळ्यात आणि किल्ल्यांत जात राहिला. १६०५ मध्ये पोर्तुगीजांकडून अंबोयना घेतले, १६०९ मध्ये बांदा बेटांवर गढी उभी राहिली. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्याशी चाललेले युद्ध पूर्वेकडेही लढावे, ही राज्यकर्त्यांची इच्छा होती, आणि व्यापाऱ्याच्या थैलीतून युद्ध चालत असेल तर कोणत्या राज्यकर्त्याला ते नकोसे होईल? संचालकांचीही त्यास हरकत असण्याचे कारण नव्हते. सनदेनुसार त्यांना जहाजे सज्ज करण्याच्या खर्चावरही शेकडा एक दलाली मिळे. जितकी जहाजे अधिक, तितकी दलाली अधिक. सफर फायद्याची ठरो वा न ठरो.

भांडवल परत मागता येत नाही आणि लाभांशही येत नाही, अशा भागधारकाला मोकळा मार्ग एकच उरला होता. आपला भाग दुसऱ्याला विकावा आणि कंपनीच्या वहीत नावाचा पालट करून घ्यावा. सनदेने ही सोय ठेवली होती, आणि तीतूनच अ‍ॅमस्टरडॅमच्या नव्या पुलावर मसाल्याच्या व धान्याच्या व्यापाऱ्यांच्या गर्दीत भागांची खरेदीविक्री सुरू झाली. १६११ मध्ये तिला पक्की इमारतही लाभली. हाती काहीच न देणाऱ्या भागाची किंमत ठरावयाची ती वार्तेवर आणि आशेवर. पूर्वेकडून जहाज आल्याची बातमी आली की भाव चढे. जहाज बुडाल्याची आली की उतरे.

या आशेविरुद्ध पैज लावणारा पहिला मोठा गृहस्थ इसाक ल मेर. तो कंपनीच्या आद्य संचालकांपैकी, मोठ्या भागधारकांपैकी. परंतु हिशेबाच्या वादावरून १६०५ मध्ये त्याला बाहेर पडावे लागले. १६०९ च्या जानेवारीत त्याने ओल्डेनबार्नेव्हेल्ट या प्रमुख राज्यकर्त्याकडे कंपनीच्या कारभाराविरुद्ध लेखी गाऱ्हाणे नेले. त्याच वर्षी काही साथीदारांसह गुप्त मंडळी स्थापून त्याने जवळ नसलेले भाग पुढील मुदतीने विकण्यास आरंभ केला. भाव घसरले. विधवा आणि अनाथ यांचे नुकसान होत आहे, असा संचालकांनी आक्रोश केला. (आपल्याच भागधारकांना सात वर्षे ताटकळत ठेवणाऱ्यांच्या तोंडी तो फारसा शोभत नव्हता.) फेब्रुवारी १६१० मध्ये संसदेने अशा विक्रीवर बंदी घातली. ल मेर काही साधू पुरुष नव्हता. पण तो बोलत होता त्यात तथ्य होते.

कारण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीने अखेर पहिला लाभांश जाहीर केला. दर शेकडा पंचाहत्तर! मात्र तो नाण्यांत द्यावयाचा नसून जायपत्रीत द्यावयाचा होता. जायफळाच्या बीभोवती लाल जाळीसारखे जे वेष्टन असते, ती ही जायपत्री. मराठी स्वयंपाकघरात तिची एखादी पाकळी पुरते. ज्याचा भाग हजार गिल्डरचा, त्याने साडेसातशे गिल्डरची जायपत्री घरी न्यावी, आणि तीही कंपनीने ठरविलेल्या चढ्या दराने! व्यापाऱ्याने ती कशीबशी खपविली असती, पण सामान्य माणसाने काय करावे? वखारींत साठून राहिलेला माल भागधारकांच्या गळ्यात बांधला जात होता. सर्वांनीच ती बाजारात आणल्यावर भाव उतरला. अनेकांनी ती घेण्याचे नाकारले. नोव्हेंबरमध्ये मिरीच्या रूपाने आणखी शेकडा पन्नास आले, आणि रोख पैशात केवळ शेकडा साडेसात.

दहा वर्षांचा हिशेब १६१२ मध्ये मांडला जावयाचा होता. तो मांडला गेला नाही. राज्यकर्त्यांनीच संचालकांना त्यातून मोकळे केले. सनदेची मुदत संपत आली तेव्हा, १६२२ च्या सुमारास, असंतुष्ट भागधारकांनी पत्रकांचा भडिमार करून वह्या उघडण्याची मागणी केली. सनद वाढवून मिळाली, आणि मोठ्या भागधारकांच्या प्रतिनिधींना हिशेब पाहण्याचा मर्यादित अधिकार तेवढा देण्यात आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १६२१ मध्ये, यान पीटरझोन कून याने बांदा बेटे जिंकून जायफळाची मक्तेदारी पुरी केली होती. सुमारे पंधरा हजार बांदावासीयांपैकी हजारभरच आपल्या भूमीवर उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम झाले किंवा पळून गेले. वाटला न गेलेला नफा ज्या आरमारांत आणि गढ्यांत गुंतला होता, त्यांच्या जोरावर हे घडले. अ‍ॅमस्टरडॅमच्या वहीत ते जायफळाच्या आवकेच्या आकड्यांत दिसत असे.

पुढे लाभांश नियमित झाला, रोखीतही येऊ लागला, आणि अठराव्या शतकात तर प्रकार अगदी उलटा झाला. तरुणपणी कमावूनही न देणारी कंपनी म्हातारपणी मिळकत घटली तरी वाटत राहिली, आणि त्यासाठी कर्जे काढू लागली. भाव टिकावा म्हणून लाभांश टिकवावयाचा, अशी ही रीत. इंग्रजांशी १७८० मध्ये युद्ध पेटले आणि १७८२ नंतर वाटणी कायमची थांबली. १७९६ मध्ये राज्याने कारभार हाती घेतला. १७९९ च्या अखेरीस सनद संपली तेव्हा भागधारकांनी वाटून घ्यावे असे काही शिल्लक नव्हते; कंपनीची देणी मात्र डच जनतेच्या माथी आली.