घोडेस्वारीची हुकलेली परीक्षा

नोव्हेंबर १८९२. लंडनजवळच्या वूलिच येथे घोडेस्वारीच्या परीक्षेसाठी वीस वर्षांचा एक भारतीय उमेदवार अपेक्षित होता. यापूर्वीच्या तारखा त्याने चुकवल्या होत्या आणि ही अखेरची संधी होती. आयसीएसच्या नेमणुकीआड आता एवढाच अडसर उरला होता. उमेदवार आलाच नाही. त्याचे नाव अरविंद घोष.

वडील डॉ. कृष्णधन घोष यांनी मुलांना इंग्लंडला पाठवले, तेव्हा अरविंद अवघे सात वर्षांचे होते. १८९० साली आयसीएसच्या स्पर्धा परीक्षेत ते अकरावे आले. ग्रीक आणि लॅटिन या विषयांत त्यांची चमक विशेष होती. पुढची दोन वर्षे केंब्रिजमध्ये उमेदवारी झाली, लेखी परीक्षा पार पडल्या. राहिला तो घोडा!

ही अट आज विचित्र वाटते. परंतु त्या काळी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला दौऱ्यावर पुष्कळदा घोड्यावरूनच हिंडावे लागे. आयोगाच्या दृष्टीने रिकिबीत पाय ठेवता न येणारा विद्वान कुचकामी होता.

उमेदवारी रद्द झाली. त्याच महिन्यात अरविंदांनी भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांच्याकडे अर्ज केला. वडिलांकडून पुरेसा पैसा येत नव्हता, तिघा भावांची ओढाताण होत होती, घोडेस्वारीच्या शिकवणीचा खर्च झेपत नव्हता. तेव्हा आणखी एक संधी मिळावी, अशी ती विनंती होती. केंब्रिजचे प्राध्यापक प्रोथेरो यांनी त्यांच्या गुणवत्तेची आणि हलाखीची ग्वाही देणारे पत्र लिहिले. जेम्स कॉटन यांनीही खटपट केली. किंबर्ली यांनी नकार दिला.

खरा पेच येथून पुढे आहे. उत्तरायुष्यात अरविंदांनी सांगितले, की आयसीएसची ओढ त्यांना नव्हतीच. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध नोकरी उघडपणे नाकारणे शक्य नव्हते, म्हणून परीक्षा हुकवून त्यांनी सुटका करून घेतली. मग तो अर्ज कशासाठी?

चरित्रकार बहुधा नंतरचे कथन उचलतात. त्यातून योगी अरविंदांचे चित्र सुबक उमटते, हे एक कारण असावे. पण अर्ज हा घटनेच्या दिवसांतला कागद आहे आणि तो असा सहज बाजूला सारता येत नाही. अर्थात, अर्ज अधिकाऱ्याचे मन वळवण्यासाठी लिहिला जातो आणि हा तर हितचिंतकांच्या आग्रहाने लिहिला गेला होता. त्यामुळे तोही निखळ साक्षीदार नव्हे. पैशाच्या चणचणीने घोडेस्वारी न शिकण्याचा उलगडा होतो. वारंवार तारीख चुकवण्याचा मात्र पुरता होत नाही. न जमणे आणि न करणे यांची सरमिसळ त्या तरुणाच्या मनातही असावी, हाच अर्थ दोन्ही साधनांना न्याय देतो.

त्या सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. कॉटन यांच्या मध्यस्थीने दरमहा २०० रुपयांवर अरविंदांची नेमणूक ठरली. आयसीएसच्या तोडीचा माणूस इतक्या स्वस्तात मिळाल्याचे महाराजांना मोठे कौतुक होते म्हणे. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद मुंबईला उतरले. वडिलांची भेट मात्र होणार नव्हती. मुलाचे जहाज बुडाल्याची चुकीची वार्ता कानी पडली आणि त्या धक्क्याने त्यांचे आधीच निधन झाले होते.

त्याच वर्षी ऑगस्टपासून मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ पत्रात ‘न्यू लॅम्प्स फॉर ओल्ड’ ही निनावी इंग्रजी लेखमाला सुरू झाली. केंब्रिजचे मित्र केशवराव देशपांडे यांनी ती अरविंदांकडून लिहवून घेतली होती. तिचा रोख काँग्रेसवर होता. सरकारदरबारी अर्जविनंत्या करत राहण्याच्या राजकारणावर तिने असे कोरडे ओढले, की न्यायमूर्ती रानडे यांनी पत्राच्या मालकांना सावध केले. पुढच्या लेखांची धार कमी झाली आणि काही महिन्यांत ती मालाच थांबली.