चौथ्या मजल्यावरचा ‘र’

नोव्हेंबर १९६२. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरच्या ‘सॅक्स’ या उंची दुकानात एक गिऱ्हाईक शिरतं आणि विक्रेतीला विचारतं, बायकांचे बूट कुठे मिळतील? उत्तर येतं, ‘फोर्थ फ्लोर’. गिऱ्हाईक किंचित पुढे झुकतं, ऐकू न आल्यासारखं करतं. विक्रेती तेच दोन शब्द पुन्हा, जरा ठासून म्हणते. गिऱ्हाईक आभार मानून निघतं, पण चौथ्या मजल्यावर जात नाही. विक्रेतीच्या नजरेआड होऊन वहीत काहीतरी टिपतं आणि दुसऱ्या विक्रेत्याकडे वळून तोच प्रश्न विचारतं.

हे गिऱ्हाईक म्हणजे विल्यम लबॉव्ह. वय चौतिशीचं, भाषाशास्त्राकडे वळण्याआधी छपाईच्या शाईचा रसायनतज्ज्ञ. त्याला बूट नको होते, ‘र’ हवा होता. ‘फोर्थ’मधला एक आणि ‘फ्लोर’मधला एक. न्यूयॉर्कच्या जुन्या बोलीत हे दोन्ही ‘र’ गळून ‘फोऽथ फ्लोऽ’ असं काहीतरी उरायचं. कोण ते गाळतं आणि कोण राखतं, हे त्याला मोजायचं होतं. ‘सॅक्स’ श्रीमंतांचं, ‘मेसीज’ मध्यमवर्गाचं आणि युनियन स्क्वेअरजवळचं ‘एस. क्लाइन’ स्वस्ताईचं. तिन्ही दुकानांत मिळून त्याने २६४ जणांना मजला विचारला. खुद्द चौथ्या मजल्यावर पोचला की विचारायचा, ‘हा कितवा मजला?’ सगळ्याला मिळून तास लागले साडेसहा. भाषाशास्त्रात इतक्या स्वस्तात इतकं मोठं घबाड फारसं कुणाच्या हाती लागलेलं नाही.

सॅक्समध्ये निदान एकदा तरी ‘र’ उच्चारणारे ६२ टक्के निघाले, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २०. बरं, विक्रेते काही कोट्यधीश नव्हते. पगारात दुकानांचा क्रम असाच होता असंही नाही. पण ज्या गिऱ्हाइकांशी रोज बोलायचं, त्यांची सावली जिभेवर पडली होती. सॅक्सच्याच तळमजल्यावरच्या गर्दीत ‘र’ कमी आणि वरच्या, गालिचे अंथरलेल्या मजल्यांवर जास्त, हेही त्याने टिपलं. मेसीजची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथे पहिल्या झटक्यात गळालेला ‘र’ दुसऱ्यांदा विचारल्यावर बऱ्याच जणांच्या तोंडात परत आला. चांगलं कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं. बेसावध क्षणी जीभ घरच्या वळणावर जात होती, इतकंच.

आता हाच प्रश्न त्याच आठवड्यात लंडनच्या एखाद्या बड्या दुकानात विचारला असता तर गणित नेमकं उलटं आलं असतं. तिथे ‘र’ गाळणारा सुशिक्षित आणि खणखणीत ‘फ्लोर्र’ म्हणणारा डेव्हन-डॉर्सेटकडचा शेतकरी. अक्षर एक, भाषा एक. मध्ये फक्त अटलांटिक महासागर.

ही उलटापालट झाली कशी, याची कहाणी लंडनमध्येच सुरू होते. सतराव्या शतकात नाटककार बेन जॉन्सनने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ ठणठणीत आणि मधला-शेवटचा पातळ, असं त्यात नोंदलेलं आहे. १७९१ साली जॉन वॉकर या माजी नटाने आपला उच्चारकोश काढला, तोवर लंडनमध्ये हा पातळ ‘र’ इतका पातळ झाला होता की ‘बार्ड’चं जवळजवळ ‘बाऽड’ होई. वॉकरने कोशाच्या आरंभी स्कॉटिश, आयरिश आणि लंडनकर अशा तिघांसाठी सुधारणेचे वेगवेगळे नियम दिले. राजधानीच्या रहिवाशांनाही शिकवणीची गरज होती! लंडनच्या गरीब वस्त्यांतली कॉकनी बोली परगण्यांतल्या बोलींपेक्षाही किळसवाणी, असं त्याचं मत होतं.

या शिकवणीचा बाजार तेव्हा तेजीत होता. १७०७ मध्ये स्कॉटलंडची आणि इंग्लंडची संसद विसर्जित होऊन ग्रेट ब्रिटनची एकच संसद झाली. एडिंबराच्या वकिलांना, जमीनदारांना आता लंडनला जाऊन बोलावं लागे, आणि तिथे हसं होई. डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ आपल्या लेखनात चुकून स्कॉटिश शब्द येऊ नयेत म्हणून त्यांची यादी करून बसला होता. १७६१ साली टॉमस शेरिडन एडिंबरात व्याख्यानं द्यायला आला, तेव्हा शुद्ध इंग्रजी उच्चार शिकायला सुमारे ३०० सभ्य गृहस्थ जमले. गंमत अशी की शेरिडन स्वतः डब्लिनचा. आयरिश माणूस स्कॉटिश माणसांना इंग्लिश बोलायला शिकवतो आणि हॉल भरतो.

एवढं करूनही स्कॉटिश माणसांनी ‘र’ काही सोडला नाही, तो आजही त्यांच्या जिभेवर शाबूत आहे. १८१८ साली जॉन कीट्सची जी कुप्रसिद्ध हजेरी घेतली गेली, ती एडिंबराच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’मध्ये, हे या संदर्भात लक्षात घ्यायला हवं. लिहिणारा जॉन गिब्सन लॉकहार्ट स्कॉटिश होता. कीट्सचा बाप लंडनमध्ये घोड्यांचा तबेला सांभाळायचा, आणि कीट्सने ‘थॉर्न्स’शी ‘फॉन्स’चं यमक जुळवलं होतं. ‘र’ उच्चारणाऱ्याच्या कानाला हे यमकच नव्हे. लंडनच्या कानाला मात्र अगदी चोख. अशा जुळणीला ‘कॉकनी यमक’ म्हणून नाक मुरडलं जाई. पुढे शंभर वर्षांत इंग्लंडच्या उच्चभ्रूंनीच तो ‘र’ टाकला आणि कीट्सचं यमक आपोआप शुद्ध झालं. तोवर कीट्सला जाऊन जमाना झाला होता.

उच्चभ्रूंनी तो टाकला तो एकोणिसाव्या शतकातल्या निवासी शाळांमधून. देशाच्या कानाकोपऱ्यांतून श्रीमंतांची मुलं वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी तिथे येत आणि घरचा हेल गमावून बाहेर पडत. त्यामुळे एक असा उच्चार तयार झाला, जो कुठल्याच गावचा नव्हता. उच्चारतज्ज्ञ डॅनियल जोन्सने १९१७ च्या आपल्या कोशात त्याला सरळ शाळांचंच नाव दिलं. पुढच्या आवृत्तीत ते बदलून ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ केलं. ‘रिसीव्ह्ड’ म्हणजे मान्य झालेला. कुणाला मान्य, हे नावातून सोयीस्करपणे गळलं, त्या ‘र’सारखंच.

बीबीसीने हा उच्चार घरोघरी पोचवला. १९२६ मध्ये तिने बोलण्याच्या इंग्रजीसाठी सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस. १९३० पासून अध्यक्ष झाले जॉर्ज बर्नार्ड शॉ, म्हणजे पुन्हा डब्लिनकर. चिटणीस आर्थर लॉइड जेम्स, ते वेल्सचे. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा जर्मन रेडिओने आपल्या निवेदकांची नक्कल करून खोट्या बातम्या पेरू नयेत, म्हणून बीबीसीने एक शक्कल लढवली. १९४१ मध्ये यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स गावचा नट विल्फ्रेड पिकल्स राष्ट्रीय बातम्या वाचायला बसला. उत्तरेतल्या श्रोत्यांचा निरोप तो ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणून घ्यायचा. तक्रारींचा पाऊस पडला. अशा आवाजातल्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा, असं लोकांनी विचारलं. बॉम्ब खरेच पडत होते, पण ते ऐकण्यासाठी आवाज दक्षिणेचा लागत होता.

खणखणीत ‘र’ तोवर पश्चिमेच्या खेड्यांत ढकलला गेला होता. तिथून त्याला एक भलतीच नोकरी लागली. १९५० मध्ये डिस्नेचा ‘ट्रेझर आयलंड’ चित्रपट आला. लाँग जॉन सिल्व्हर साकारणारा रॉबर्ट न्यूटन डॉर्सेटच्या शाफ्ट्सबरीत जन्मलेला. त्याने आपल्याच मुलखाचा ‘र’ चांगला दुप्पट करून चाच्याच्या तोंडी घातला. तेव्हापासून जगातला प्रत्येक चाचा ‘आर्र्र’ करतो. शेतकऱ्याचा उच्चार समुद्रावर गेला आणि मुलांच्या वाढदिवसापर्यंत पोचला.

अमेरिकेत काय झालं? बॉस्टन, न्यूयॉर्क, रिचमंड, चार्ल्सटन ही बंदरं लंडनशी सतत संपर्कात. तिथल्या प्रतिष्ठितांनी लंडनची नवी टूम उचलली आणि ‘र’ गाळला. फिलाडेल्फिया आणि डोंगराआडचा विस्तीर्ण मुलूख मात्र जुनाच ‘र’ बोलत राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्व किनाऱ्यावर ‘र’हीन बोलणं खानदानी होतं. फ्रँकलिन रूझवेल्टची भाषणं ऐकावीत. ‘फिअर’ शब्दातला ‘र’ हवेत विरून जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला पारडं फिरलं. ब्रिटनचा दबदबा ओसरला, देशाची सत्ता आणि पैसा आतल्या भागात पसरला, आणि अंतर्भागातला ‘र’ हाच ‘अमेरिकन’ ठरला. ज्या पिढीने तरुणपणी ऐटीत ‘फ्लोऽ’ म्हटलं, तिच्याच नातवंडांना ते गल्लीतलं वाटू लागलं. लबॉव्हने न्यूयॉर्ककरांना त्यांच्या शहराच्या बोलीबद्दल विचारलं तेव्हा बहुतेकांनी ती न आवडल्याचंच सांगितलं. स्वतःच्या तोंडाची लाज वाटणारं एवढं मोठं शहर त्याला दुसरं दिसत नव्हतं.

याला तळटीप म्हणून जॉन केनेडी. लबॉव्ह दुकानं हिंडला त्याच्या महिनाभर आधी क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगाने जग गोठलं होतं, आणि अमेरिकेचा बॉस्टनकर अध्यक्ष ‘क्यूबा’चं ‘क्यूबर’ करत होता. जिथे आहे तिथला ‘र’ गाळायचा आणि जिथे नाही तिथे चिकटवायचा, ही बॉस्टनची खास खोड. त्याची नक्कल घरोघरी झाली, पण त्याला अडाणी कुणी म्हटलं नाही. हार्वर्ड आणि व्हाइट हाउस पाठीशी असलं की हेल लोभस वाटतो.

मुंबईकडे हा ‘र’ दोन वाटांनी आला. कानावरून आलेल्या ‘लॉर्ड’चा ‘लाटसाहेब’ झाला, ‘र’ वाटेतच सांडला. पण ‘गार्ड’ची ‘गारद’ झाली तेव्हा तो टिकला. पुस्तकातून आलेल्या डॉक्टर, कलेक्टर, गव्हर्नर यांनी मात्र लिहिलेला प्रत्येक ‘र’ वाजवला. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांत विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी होते, हाही या कहाणीतला एक मजेदार धागा. ‘र’ ठणकावणारा मराठी माणूस लंडनच्या कानाला परका वाटतो, एडिंबराच्या कानाला कदाचित थोडा कमी.

आणि मराठी कान तरी कुठे वेगळा? शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं पु. ल. देशपांड्यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ केलं, तेव्हा लंडनच्या उच्चारांची जागा मराठीतल्या शुद्ध-अशुद्धाने किती सहज घेतली! ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याला इथे कोपरखळ्या बसतात. तोच ‘पानी’ हिंदीत सर्वांत प्रतिष्ठित माणसाच्या तोंडी असतो आणि एकाही कानाला खटकत नाही.

मग कानाला खटकतं ते नेमकं काय? ब्रिटनमध्ये हॉवर्ड जाइल्स या संशोधकाने १९७० मध्ये एकाच माणसाला वेगवेगळ्या हेलांत बोलायला लावून श्रोत्यांकडून गुण मागवले. वर ‘रिसीव्ह्ड’, तळाशी बर्मिंगहॅम. ३० हून अधिक वर्षांनी बीबीसीने पाच हजारांवर लोकांना ३४ हेलांबद्दल विचारलं. प्रतिष्ठेत बर्मिंगहॅम पुन्हा तळाला. कारखान्यांच्या शहराचा आवाज मुळातच रटाळ, कर्कश, असं ब्रिटिश माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

पण जाइल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये आणखी एक साधा प्रयोग केला होता. ग्रीसमध्ये अथेन्सचा उच्चार प्रतिष्ठेचा, क्रीट बेटाचा गावंढळ. हे कुठल्याही ग्रीक माणसाला विचारा. ग्रीक अजिबात न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवले आणि कोणता गोड, कोणता भारदस्त असं विचारलं. त्यांना काही निवडताच आलं नाही. सौंदर्य आवाजातच असतं तर ते परक्या कानालाही जाणवायला हवं होतं. त्यांना क्रीटचे मेंढपाळ माहीत नव्हते, म्हणून क्रीटचा आवाज वाईट वाटला नाही.

लबॉव्हच्या दुकानांकडे १९८६ मध्ये जॉय फाउलर ही संशोधक परत गेली. एस. क्लाइन तोवर बंद पडलं होतं, म्हणून तिने त्याच थराचं ‘मेज’ हे दुकान घेतलं. प्रश्न तोच, चौथा मजला तोच. ‘र’ तिन्ही दुकानांत आधीपेक्षा वाढला होता, आणि तोही अगदी सावकाश. क्रम मात्र जागच्या जागी होता: वर सॅक्स, मध्ये मेसीज, खाली स्वस्ताईचं दुकान.