किनाऱ्यावरचा बॉलर बघतो कोण?

दिवाळी झाली की आपल्याकडे टेनिस बॉलचा सीझन सुरू होतो आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत थांबत नाही. उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, कुठंही जा. शनिवार-रविवारी कुठल्या तरी मैदानावर मांडव, माईक, यूट्यूब लाइव्ह आणि कुणाच्या तरी नावाचा चषक असतोच. आणि प्रत्येक गावात एक तरी पोरगा असा असतो, ज्याच्याबद्दल सगळं गाव म्हणतं, "याला कुणी बघितलं असतं ना, तर हा आज आयपीएल खेळला असता."

तालुक्याच्या बातम्या लिहिताना हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकतोय. आज त्यातल्या 'बघितलं असतं' या दोन शब्दांबद्दल लिहायचंय. बॉलरला बघतात म्हणजे नक्की काय बघतात? कोण बघतं? इतिहास जरा लांबून सुरू होतो, पण शेवटी आपल्याच वाळूवर येतो.

सुरुवात पुण्यातून. १८९० च्या दशकात तिथल्या गोऱ्यांच्या क्लबात एक तरुण खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा, नेट लावायचा. नाव बाळू पालवणकर. आडनाव कोकणातलं, समाज चर्मकार. त्या क्लबात ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी मोठा बॅट्समन होता. तो बाळूला तासन्‌तास बॉलिंग टाकायला लावायचा. मला आऊट केलंस की आठ आणे, असा सौदा होता म्हणे. त्या नेटमध्ये बाळू डावखुरा स्पिनर म्हणून घडला. पण बॅट मात्र कुणी त्याच्या हातात दिली नाही.

पुढं हिंदू संघाला गोऱ्यांविरुद्ध जिंकायचं होतं, तेव्हा बाळूची आठवण झाली. मैदानात सगळ्यांनी तोच बॉल हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाळूला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली पटियालाच्या महाराजांच्या संघातून तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या, सरासरी १९ च्या आत. एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्याला दिलं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

म्हणजे आपल्या पहिल्या मोठ्या बॉलरला पहिल्यांदा 'बघितलं' ते दुसऱ्याच्या सरावाची सोय म्हणून. बघणाऱ्याची नजर पोराच्या हातावर पडायच्या आधी दुसऱ्याच कशावर तरी पडते. तेव्हा ती जातीवर पडायची. आज गाव कुठलं, क्लब कुठला, कुणाच्या ओळखीनं आलास, यावर पडते. जात पूर्ण गेली असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये.

दुसरी नजर शरीरावर पडते. फास्ट बॉलर म्हटलं की सहा फुटी, रुंद खांद्याचा गडी डोळ्यांसमोर येतो. आता मुंबईचा रमाकांत देसाई बघा. चणीनं इतका लहान की 'टायनी' हेच नाव पडलं. १९५९ साली दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच टेस्टमध्ये त्यानं ४ विकेट काढल्या, १६९ रन देऊन, बॉलिंग टाकून टाकून. पुढं २८ टेस्टमध्ये ७४ विकेट. उंचीची पट्टी लावून निवड झाली असती तर हा माणूस गेटवरूनच घरी गेला असता.

बॉल टाकणाऱ्याला पारखायचं शास्त्र सगळ्यात जास्त कुणी केलं असेल तर अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी. त्यांच्या खेळात बॉल फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि चांगला पिचर शोधणं हा तिथं पगारी धंदा आहे. हा शोधणारा माणूस म्हणजे स्काउट. तो गावोगावच्या शाळा-कॉलेजांच्या मॅचेसना जातो, जाळीमागं बसतो आणि वहीत २० ते ८० च्या मोजपट्टीवर मार्क देतो. ५० म्हणजे वरच्या पातळीवरचा साधारण खेळाडू. वेगाला वेगळे मार्क, वळणाऱ्या बॉलला वेगळे, संथ बॉलला वेगळे, टप्प्याला वेगळे.

यात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रत्येक गुणाला दोन आकडे असतात. एक आजचा, दुसरा उद्याचा. सोळा वर्षांचा पोरगा आज कसा टाकतो हे कुणीही सांगेल. तो बाविसाव्या वर्षी कसा टाकेल हे सांगणं हे स्काउटचं काम. त्यासाठी तो विकेट मोजत बसत नाही. हात सहज फिरतोय की ओढून ताणून? संथ बॉल टाकताना हात तसाच येतो की आधीच चुगली करतो? शेवटी दमल्यावर वेग किती पडतो? फटका बसल्यावर पुढच्या बॉलला तोंड कसं असतं? अंग अजून भरायचंय की जेवढं व्हायचं तेवढं झालंय?

हा शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार मोलाचा आहे. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत जो सगळ्यांना उडवतो, तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो. दाखल्यावर वय कमी दाखवलेलं असेल तर बोलायलाच नको. म्हणूनच बीसीसीआय लहान गटांत मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय तपासते.

१९७४ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. मिशिगनमधल्या डॅनी लिटव्हायलर नावाच्या कॉलेज कोचनं पोलिसांची गाड्यांचा वेग मोजायची बंदूक पिचरवर रोखली. त्यातून स्पीडगन आली. त्याच वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा फाटलेला स्नायुबंध बदलला. पुढं स्पीडगनचा आकडा गाठायला पोरं कोपर झिजवत राहिली आणि ती शस्त्रक्रिया शाळकरी वयापर्यंत खाली आली. शेवटी २०१४ साली तिथं वयानुसार मर्यादा जाहीर झाल्या. १५-१६ वर्षांच्या पोरानं दिवसात ९५ च्या वर बॉल फेकायचे नाहीत आणि ७६ च्या वर गेला तर चार दिवस हात लावायचा नाही. ज्यांनी वेगाची पूजा सुरू केली, त्यांनाच बॉल मोजायची वही काढावी लागली.

हे बेसबॉलवाले २००८ साली भारतातही आले होते. 'मिलियन डॉलर आर्म' ही स्पर्धा आणि नंतरचा सिनेमा आठवत असेल. हजारो पोरांनी बॉल फेकले. क्रिकेटच्या देशात फास्ट बॉलर जिंकेल असं कुणालाही वाटलं असतं. निवडले गेले ते उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही भालाफेकीतले. क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवायला शिकवतात, पिचरला ते वाकवून झटकावं लागतं. दोघांना पिट्सबर्गच्या संघानं करारबद्ध केलं. दिनेश लवकर परतला. रिंकू खालच्या लीगमध्ये बरीच वर्षं टिकला, पण दुखापतींनी वाट अडवली आणि वरच्या लीगपर्यंत काही पोचला नाही. जोरदार हात असणं आणि तो हात कशासाठी तयार झालाय हे ओळखणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

आपल्या देशात असं शोधकाम अजिबात झालं नाही असंही नाही. १९८७ साली चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं, डेनिस लिली शिकवायला. तिथं मुंबईचा एक चौदा वर्षांचा पोरगा फास्ट बॉलर व्हायला गेला होता. लिलीनं त्याला सांगितलं, तू आपली बॅटिंग कर. तो सचिन तेंडुलकर. पारखणाऱ्यानं वेळेवर 'नाही' म्हणणं हीसुद्धा केवढी मोठी मदत असते! पुढं मुंबईत मफतलालच्या मदतीनं बॉलिंगची योजना झाली, फ्रँक टायसन कोच म्हणून आला आणि पारस म्हांब्रे, अ‍ॅबी कुरुविला यांच्यासारखे बॉलर त्यातून गेले.

झहीर खानचा रस्ता नकाशावर काढून बघा. गाव श्रीरामपूर. इंजिनीअरिंगसाठी मुंबईला आला, सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात खेळला. टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला, ते त्याला चेन्नईला घेऊन गेले. रणजी खेळला ती बडोद्याकडून. २००० साली भारताकडून आणि शेवटी टेस्टमध्ये ३११ विकेट. श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा. यातला एक थांबा चुकला असता तर? गुणवत्ता तीच राहिली असती, फक्त आपल्याला नाव माहीत नसतं.

आता टेनिसवाल्यांनी नीट वाचा. उमेश यादव नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, वडील कोळसा खाणीत कामाला. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलच खेळत होता, पोलीस भरतीलाही उभा राहिला होता. विदर्भाचा कप्तान प्रीतम गंधे यानं त्याला उचलून धरलं. २००८ च्या नोव्हेंबरात रणजी, २०११ च्या नोव्हेंबरात टेस्ट. ५७ टेस्ट, १७० विकेट. तमिळनाडूचा नटराजनही टेनिस बॉलमधूनच आला. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तो नेट बॉलर म्हणून गेला आणि तिथं तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. शंभरेक वर्षांपूर्वी बाळूचं काम हेच होतं. फरक इतकाच, की या वेळी नेटबाहेरचं दार उघडलं.

मग आपल्या किनाऱ्यावर काय अडतं?

पहिलं, भूगोल. मांडव्याच्या जेट्टीवरून मुंबई दिसते. पण क्रिकेटच्या नकाशात रायगड पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशनकडे. आपल्या पोराला बघणारी नजर समोरच्या किनाऱ्यावर नसून घाटापलीकडं आहे. ती मुद्दाम इकडं वळवावी लागते. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२५ साली रायगडच्या नावाचा संघ उतरला, आनंद आहे. पण नाव रायगडचं असणं वेगळं आणि त्यात नागाव-रेवदंड्याचा पोरगा असणं वेगळं.

दुसरं, बॉल. साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला, लेदरचा १५६ ते १६३. आपल्याकडचा जड टेनिस बॉल धरला तरी शिवण नाही, स्विंगचं गणित वेगळं. दोन ओव्हरच्या स्पेलमध्ये यॉर्कर टाकून सुटता येतं, सहाव्या ओव्हरला काय होतं ते कधी कळतच नाही. आणि हलका बॉल जोरात टाकायच्या नादात कोपर वाकायला लागतं. मोठ्या क्रिकेटमध्ये १५ अंशांच्या वर कोपर सरळ झालं तर तो थ्रो. गावात कुणी बोलत नाही, कारण विकेट मिळत असते.

तिसरं आणि सगळ्यात वाईट, मोजमापच नाही. एक पोरगा मला माहीत आहे, नाव लिहीत नाही. सतराव्या वर्षी तो तीन गावांकडून खेळायचा. सकाळी एका मैदानात, दुपारी दुसऱ्या, रात्री लाइटखाली तिसऱ्या. प्रत्येक मॅचला दोनच ओव्हर, पण दिवसाचे बॉल कुणी मोजले? बाविसाव्या वर्षी खांदा गेला. आज तो होडीवर जातो आणि जाळं ओढताना दुसरा हात वापरतो. त्याच्याबद्दलही गाव हेच म्हणतं, कुणी बघितलं असतं तर. अहो, बघत तर अख्खा जिल्हा होता, यूट्यूबवर!

म्हणून या सीझनला आयोजकांना चार गोष्टी सांगतो. खर्च फार नाही. एक, अठराच्या आतल्या पोरानं दिवसात किती बॉल टाकले हे स्कोअररनं लिहायचं आणि मर्यादा ठेवायची, तो कुठल्याही गावाकडून खेळो. दोन, प्रत्येक तालुक्यात एक मॅटिंगची विकेट आणि लेदर बॉलचं नेट. बाईकच्या बक्षिसातून ते आरामात होतं. तीन, जिल्हा निवड चाचणीची तारीख शाळांत, ग्रामपंचायतींच्या फळ्यावर आणि कोळीवाड्यात महिनाभर आधी लागली पाहिजे. चार, फायनलच्या स्टेजवर उद्घाटक दहा बसवा, पण अकरावी खुर्ची रणजी खेळलेल्या एखाद्या माजी बॉलरला द्या आणि त्याच्या हातात वही द्या. दोन रकान्यांची. आज किती, उद्या किती.

स्पीडगन आता ऑनलाइनही मिळते. ती पोराचा आजचा वेग सांगेल. उद्याचा रकाना भरायला माणूसच मैदानात येऊन बसावा लागतो, आणि तो आला तेव्हा पोराचा खांदा शाबूत असावा लागतो. पहिलं काम असोसिएशनचं आहे. दुसरं आपल्या सगळ्यांचं.