संताजी-धनाजी का दुरावले?

संताजी आणि धनाजी ही नावे आपण लहानपणी एका दमात पाठ केली. मोगलांची घोडी पाणी पिईनात, तेव्हा स्वार त्यांना विचारीत, ‘पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय?’ ही गोष्ट ऐकली नाही अशी बाई विरळा. पण हीच जोडी पुढे एकमेकांवर चालून गेली आणि त्यातल्या एकाचा घात आपल्याच माणसाच्या हातून झाला, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. भगिनींनो, आपण चार जणींनी मिळून मंडळ चालवितो; तेव्हा ही ओळ जरा थांबून वाचावी असे मला वाटते.

१६८९ च्या मार्च महिन्यात औरंगजेबाने संभाजी महाराजांना हाल हाल करून मारले. मोगलांची फौज रायगडाखाली येऊन बसली. शाहू पुरते सात वर्षांचेही नव्हते. सर्वांनी एकाच गडावर कोंडून घेऊ नये, राजारामांनी बाहेर पडून राज्य राखावे, आपण मुलासह गडावर राहू, असा सल्ला येसूबाईंनी दिल्याचे बखरीत आहे. राजाराम महाराज गडावरून निघाले तेव्हा येसूबाईंचा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. गादी माझ्या मुलाची की दिराची, हा वाद त्या दिवशी त्यांनी घातला असता तर कोण त्यांना बोल लावणार होते? पण राज्य तिथेच बुडाले असते. त्याच वर्षी रायगड पडला आणि मायलेक कैदेत गेले.

राजाराम महाराज दूर तामीळ मुलखात जिंजीला पोचले. इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे दिला, ‘हुकुमतपनाह’ असा किताब दिला आणि किताबाबरोबर अधिकारही दिला. हे मोठे शहाणपण. जिंजीहून हुकूम येईपर्यंत वाट पाहायची म्हटले असते तर एकही किल्ला हाती राहिला नसता. (काम एकीवर सोपवायचे आणि सुपारीच्या भावापर्यंत आपणच विचारीत बसायचे, हा प्रकार हळदीकुंकवाच्या तयारीत पुष्कळ दिसतो!)

या व्यवस्थेत संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचा पराक्रम फुलला. १६९५ च्या नोव्हेंबरात दोड्डेरीजवळ संताजींनी कासिमखानाची फौज अशी कोंडली की खानाची माणसे अन्नावाचून हैराण झाली. खान तिथेच मेला, बाकीच्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचविला. पुढच्याच जानेवारीत हिंमतखान पडला.

आणि त्याच वर्षी, १६९६ साली, घर फिरले. संताजी शिस्तीचे फार कडक होते. लहानशा चुकीसाठी ते माणसाला हत्तीच्या पायी देत, असे मोगलांकडच्या खाफीखानाने लिहून ठेवले आहे. शत्रूच्या लेखणीतले थोडे वजा केले तरी कडकपणा खराच असावा. धनाजी माणसे सांभाळून घेणारे. एकाची जरब, दुसऱ्याचा गोडवा. खरे तर दोन्ही लागतात. पण सेनापती एक, दरबारात कान भरणारे अनेक, आणि औरंगजेब मराठे सरदारांना मनसबी व जहागिऱ्यांचे आमिष दाखवीत होता, म्हणून इकडूनही वतने देणे भाग पडले होते. ज्याला त्याला आपली फौज, आपला मुलूख दिसू लागला.

संताजी जिंजीला गेले, तिथे महाराजांशीच त्यांचे बिनसले. सेनापतिपद धनाजींकडे गेले आणि मराठ्यांचीच दोन सैन्ये एकमेकांशी लढली. संताजी जिंकले. पकडलेल्या अमृतराव निंबाळकरांना त्यांनी हत्तीच्या पायी दिले. माझ्या मते दोष एकट्या संताजींच्या रागाचा नाही. असल्या माणसाला लगामही लागतो आणि मानही लागतो. दोन्ही देणारा धनी वर असावा लागतो. दोघांना समोर बसवून तंटा तोडण्याऐवजी महाराज एका बाजूला झाले. तिथून परतण्याची वाट उरली नाही.

मग संताजींची माणसे एकेक करून गळाली. १६९७ साली नागोजी माने याने त्यांना गाठून मारले. अमृतराव हे त्याच्या बायकोचे भाऊ, असे सांगतात. म्हणजे कडकपणाचा हिशेब शेवटी एका घरातल्या रडण्याने चुकता झाला. पुढच्या वर्षी जिंजीही मोगलांनी घेतली.

१७०० साली राजाराम महाराज वारले. ताराबाई तेव्हा पंचविशीच्या. त्या गडागडांवर फिरत राहिल्या, सरदारांना कामाला लावून मोगलांच्या माळव्या-गुजरातेत पाठवीत राहिल्या, आणि याच धनाजींनी १७०६ साली गुजरातेत मोगलांना लोळविले. माणसे तीच होती. तरी १७०७ साली शाहू सुटून आले तेव्हा खेडच्या लढाईत धनाजी त्यांच्याकडे गेले. ताराबाईंचाही धाक तिथे अपुरा पडला.

येसूबाई कैदेतून सुटून परत आल्या त्या १७१९ साली. तोवर राजाराम महाराज नव्हते, संताजी नव्हते, धनाजीही १७०८ सालीच गेले होते. कोल्हापूर आणि सातारा अशा एका घराच्या दोन गाद्या झालेल्या त्या माउलीला पाहाव्या लागल्या.