काडतुसाचा हुकूम : सोलापूरचे माळरान, अनवट बोअरच्या रायफली आणि शिकारीचा कायदा

#इतिहास #सोलापूर

१/
सोलापूरच्या भवानी पेठेकडून तुळजापूरचा रस्ता धरला की १९४८ पूर्वी काही कोसांवर ब्रिटिश मुलूख संपत असे आणि निजामाची हद्द लागत असे. आग्नेयेस अक्कलकोटचे भोसले संस्थान होते. उत्तरेस, बार्शीच्या वाटेवर, नान्नजचा माळ पसरलेला होता. काळविटांचे कळप या सगळ्या मुलखांत सारखेच चरत. बंदुकीचा कायदा मात्र हद्दीगणिक बदलत असे.

२/
शिकाऱ्याच्या हाती कोणती रायफल असावी हे समोरच्या जनावरावरून ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिंदुस्थानात तसे क्वचितच घडले. येथे रायफलीची निवड बव्हंशी सरकारच्या भीतीने केली. ४५०, ४६५, ४७०, ३१५ हे आकडे शिकारीच्या पुस्तकांत भेटतात. त्यांच्यामागे राज्यकारभाराचा इतिहास दडलेला आहे.

३/
प्रथम ‘बोअर’ म्हणजे काय ते पाहू. रायफलीच्या बाबतीत तो नळीचा व्यास असतो, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. ३०३ म्हणजे ०.३०३ इंच, सुमारे ७.७ मिलिमीटर. छऱ्यांच्या बंदुकीचे गणित निराळे आहे : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्या नळीत बसेल ती ‘बारा बोअर’.

४/
ठासणीच्या बंदुकीला या आकड्यांचा फारसा जाच नव्हता. दारू, शिसे आणि गोळी ओतण्याचा साचा असला की काम भागे. मागून भरायच्या रायफलीने हे स्वातंत्र्य संपवले. पितळी टोपण, त्याच्या बुडातील ठिणगीची कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी असे तयार काडतूस कारखान्यातूनच यावे लागे. बंदूक घरात राहिली, पण तिचा प्राण कारखान्यात गेला.

५/
काडतुसाचे राजकारण या देशाला नवे नव्हते. १८५७ च्या उठावाला निमित्त झाले ते एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांचे. त्यानंतर ब्रिटिशांनी एक धडा कायमचा गिरवला : हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोल्जरापेक्षा एक पिढी जुने शस्त्र द्यायचे. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर होती.

६/
प्रजेसाठी १८७८ चा शस्त्रकायदा आला. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील हा कायदा. देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. बंदूक बाळगण्यास परवाना सक्तीचा झाला. युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. हा वर्णभेद नियमांतून निघायला पहिले महायुद्ध संपावे लागले.

७/
याचा परिणाम माळावर उघड दिसे. गोरा अधिकारी विलायतेहून आलेली नवी रायफल घेऊन दौऱ्यावर निघे. जहागीरदाराला अथवा इनामदाराला मर्जी असेल तर परवाना मिळे. सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला फार तर पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक येई. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील तेही लिहिलेले असे.

८/
सोलापूरकडची शिकार मुख्यतः उघड्या माळावरची. आडोसा नसल्याने काळविटाजवळ पोहोचणे कठीण. पण बैलगाडीला ते बुजत नाही, कारण ती त्याच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणून शिकारी गाडीच्या आडून चालत जाई आणि दोनशे पावलांवरून बार टाकी. येथे जड गोळीपेक्षा सरळ व दूर जाणारी हलकी गोळी उपयोगी. २५६ मॅन्लिखरसारख्या छोट्या बोअरच्या रायफली त्यासाठी नावाजलेल्या होत्या.

९/
वाघ, गवा आणि हत्ती यांच्या मुलखात गणित उलटे होते. तिथे जड गोळीच्या दुनळी रायफली लागत. १८९८ च्या सुमारास लंडनच्या रिग्बी कंपनीने धूररहित दारूचे ४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणले आणि थोड्याच वर्षांत ते मोठ्या शिकारीचे प्रमाण मानले जाऊ लागले. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत असल्या रायफली मानाने विराजमान झाल्या.

१०/
नेमका हाच आकडा सरकारच्या डोळ्यांत खुपला. मार्टिनी-हेन्रीचीही नळी ४५० चीच. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती चोरलेल्या आणि तिकडेच घडवलेल्या मार्टिनी रायफली पुष्कळ होत्या. शिकारीच्या काडतुसातील गोळी काढून ती मार्टिनीच्या काडतुसात भरता येईल, ही धास्ती. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये ४५० बोअरच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी झाली.

११/
हिंदुस्थान ही शिकारी रायफलींची मोठी बाजारपेठ. ती हातची जाऊ नये म्हणून विलायतेतील कारागिरांनी युक्ती केली : नळी किंचित रुंद करायची. हॉलंड अँड हॉलंडने ४६५ आणली, जोसेफ लँगने ४७०, जेफ्रीने ४७५, वेस्टली रिचर्ड्सने ४७६. जनावरावर होणाऱ्या परिणामात फारसा फरक नव्हता. फरक होता तो कायद्याच्या नजरेतला. ही सगळी भावंडे एका सरकारी बंदीच्या पोटी जन्मली.

१२/
पुढे बंदी सैल झाली, पण तोवर ४५० ची सद्दी संपली होती आणि ४७० रूढ झाली होती. यातून अनवट बोअरचे दुखणे सुरू झाले. ४६५ ची गोळी ४७० ला चालत नाही, ४७० ची ४७५ ला नाही. काडतूस खोबणीत तंतोतंत बसले नाही तर नेम जातो. जबरीने बसवले तर नळी फुटून शिकाऱ्याचाच हात जातो. प्रत्येक बोअर म्हणजे एक वेगळे कुलूप, आणि किल्ली सातासमुद्रापार बर्मिंगहॅमला.

१३/
मराठी वाचकांना परिचित अशा शिकाऱ्यांच्या रायफलीही याच कुळातल्या. जिम कॉर्बेट यांच्याकडे २७५ रिग्बी होती आणि ४५०/४०० ही दुनळीही. दुसरीच्या नावात ४५० असले तरी नळी ४०० ची : ४५० चे टोपण तोंडाशी आवळून केलेले काडतूस. बंगळूरचे केनेथ अँडरसन यांची आवडती रायफल ४०५ विंचेस्टर, म्हणजे थेट अमेरिकन. कारखान्याने तो माल बंद केला की असली रायफल मुकी होणार, हे ठरलेलेच.

१४/
दुसरी बंदी ३०३ ची. ही फौजेची गोळी. ती नागरिकांच्या हाती असली तर उद्या फौजेच्याच कोठारातून चोरून वापरता येईल, या विचाराने ३०३ खासगी वापरास वर्ज्य ठरली. ‘थ्री-नॉट-थ्री’ पोलिसांच्या खांद्यावर दिसे. शिकाऱ्याच्या परवान्यावर मात्र ती चढू शकत नसे.

१५/
यावर उपाय म्हणून बीएसए कंपनीने त्याच ली जातीच्या रायफलीत ३१५ ची नळी बसवली. हे ८ मिलिमीटरचे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, १८९० च्या सुमाराचे. ते साम्राज्य १९१८ मध्ये लयाला गेले, पण त्याचे काडतूस हिंदुस्थानात तगले. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ ची रायफल होऊ लागली आणि काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. त्याच्या बुडावर ‘८ एमएम केएफ’ असा ठसा असतो. ‘केएफ’ म्हणजे खडकी फॅक्टरी.

१६/
आता माळावरचा दुसरा शिकारी. फासेपारध्याला बोअरची चिंता नव्हती. प्राण्यांच्या स्नायूंची दोरी, लाकडी खुंट्या आणि पिढीजात ज्ञान एवढ्यावर तो काळवीट आणि तित्तर धरी. त्याच्या फाशाला काडतूस लागत नव्हते, म्हणून सरकारला ते रोखताही येत नव्हते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली (१८७१) मग माणसालाच नोंदवहीत घालण्यात आले.

१७/
सोलापुरात विसाव्या शतकाच्या आरंभी पारध्यांसह अनेक जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी वसाहत उभी राहिली. तिथल्या माणसांना गिरण्यांत कामाला जावे लागे आणि ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. शहरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून ऐकू येते. एकाच माळावर एकाच काळविटाला एकाने गोळीने मारले तर तो खेळाडू, दुसऱ्याने फाशाने धरले तर तो गुन्हेगार. गुन्हेगारीचा हा जन्मजात शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. संशय मात्र कागदाबरोबर गेला नाही.

१८/
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. शिकारीला परवाना, हंगाम आणि मर्यादा आल्या. १९५९ चा नवा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परकीय चलनाची टंचाई असल्याने विलायती काडतुसांची आयात आटली. त्याच दशकात बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीनेही मोठ्या बोअरची काडतुसे बनवणे थांबवले. घरी काडतूस भरावे, तर परवान्याशिवाय ते बनवणे हा गुन्हा.

१९/
संस्थाने विलीन झाली होती, शिकारखाने मोडले होते. जुन्या घराण्यांत दुनळी रायफल आणि उरलेली पाच-दहा काडतुसे एवढीच शिल्लक. ती जपून ठेवली तरी जुनाट दारूचा भरवसा नसतो. घोडा दाबल्यावर बार न होणे हे जखमी जनावरापुढे प्राणावर बेतणारे. अनवट बोअरची रायफल हळूहळू शस्त्र न राहता वारसा झाली.

२०/
तथापि, जुन्या रायफली मुक्या झाल्या म्हणून माळ वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या जुन्या जीपगाड्या बाजारात आल्या. रात्री दिव्याच्या झोतात दिपलेल्या काळविटाला मारण्यास ना कौशल्य लागे ना बैलगाडीचा संयम. जोडीला ३१५ आणि बारा बोअर, म्हणजे सहज मिळणारी देशी काडतुसे. दुर्मीळ काडतुसाने नकळत घातलेला लगाम सुटला. दख्खनच्या माळांवरचे कळप पाहता पाहता विरळ झाले.

२१/
सर्वाधिक फटका बसला माळढोकाला. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्यावर चालतो आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. मारलेल्या पक्ष्याची भरपाई व्हायला वर्षे लागतात. १९७० च्या दशकात सोलापूरचे निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला जवळजवळ पूर्णविराम दिला आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले.

२२/
त्याचे क्षेत्र कागदोपत्री सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते १,२२२ वर आणण्यात आले. आज तिथे काळविटांचे कळप पुन्हा दिसतात, माळढोक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. दोष एकट्या बंदुकीचा नाही. माळावर ऊस आला, विजेच्या तारा आल्या, गवत गेले. बंदूक थांबल्यावर काळवीट सावरले. माळढोकाला सावरण्यासाठी लागणारा माळच उरला नाही.

२३/
रायफलींची गोष्ट येथे पुरी होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे आजोबांची ४७० ठेवावी की रोजच्या उपयोगाची बंदूक, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. ज्या रायफलीला काडतूस मिळत नाही, तीही कायद्याच्या मोजणीत पूर्ण शस्त्रच धरली जाते.

२४/
एका आकड्याला घाबरून सरकारने काडतूस अडवले, तेव्हा कारागिराने आकडा बदलला. फासा अडवता येईना, तेव्हा माणूस कोंडला. दोन्ही वेळा राखायचे होते ते राज्य. काळवीट आणि माळढोक त्या हिशेबात कुठेच नव्हते. शिकारीच्या कायद्यात जनावराच्या जिवाचा विचार मुख्य ठरला तो १९७२ मध्ये, आणि नान्नजच्या माळावर त्या विलंबाची किंमत आजही दिसते.

(समाप्त)