कर्ता हरवलेले वाक्य

‘गोळीबार करावा लागला’ या सरकारी वाक्यात कर्ता नसतो. असते ती केवळ अपरिहार्यता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवून संबंधित अधिकाऱ्यावर ठपका ठेवला; वाक्याला कर्ता मिळाला. मात्र १९५२च्या कायद्याखालील आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात. सत्र न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले ते २००९मध्ये. सशस्त्र पोलिसांच्या सुधारणेचा आरंभ, म्हणूनच, व्याकरणापासून व्हावा: गोळी कोणी, कोणाच्या आज्ञेने झाडली, हे त्याच दिवशी कर्तरी प्रयोगात लिहिले जावे.